नाणे दुर्मिळ की नाण्याचा पत्ता?

नाणी जमविणारा एखादा तरी सवंगडी तुमच्या वर्गात असेलच. त्याच्या डबीत भोकाचा पैसा असतो, कंगोऱ्यांचे दहा पैसे असतात, आजीने दिलेला एखादा कलदार रुपया असतो. आणि घर उदगीर, देगलूर, निलंगा अशा भागातले असेल तर चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा हाली सिक्काही असतो. त्याला विचारून पाहा, "यांतले सर्वांत मोलाचे नाणे कोणते?" जे सर्वांत जुने किंवा जे दुसऱ्या कोणाकडे नाही, ते तो लगेच उचलून दाखवील. मोठमोठे संग्राहकही हेच करतात. फक्त त्यांच्या डब्या मखमलीच्या असतात.

माझे मत थोडे निराळे आहे. नाण्याचे शास्त्रीय मोल त्याच्या दुर्मिळपणावर फार थोडे अवलंबून असते. ते कोठे सापडले, कशात सापडले आणि कोणत्या सोबत्यांबरोबर सापडले, हे माहीत असण्यावर ते पुष्कळच जास्त अवलंबून असते. हे पटवून देण्यासाठी मी मुद्दामच फार दुरून आलेले एक नाणे घेतो. ते म्हणजे रोमन साम्राज्याचे चांदीचे नाणे, देनारियस.

उदगीर म्हटले की किल्ला आणि १७६० ची लढाई आठवते. रोमचा येथे काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. नकाशा काढा. उदगीरच्या पश्चिमेला, लातूर ओलांडून, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेर हे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक असते. उदगीरच्या आग्नेयेला, बीदरच्या पलीकडे, तेलंगणात कोंडापूर आहे. सातवाहनांच्या काळात ही दोन्ही गावे भरभराटीच्या पेठा होत्या आणि आपण त्यांच्या मधल्या मुलखात राहतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची प्रवासपुस्तिका आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' हे मोठे शहर आहे, असे तीत म्हटले आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. भडोचला जो माल उतरे त्याच्या यादीत सोन्याची व चांदीची रोमन नाणीही आहेत, आणि स्थानिक चलनाशी त्यांचा बदला केला तर बऱ्यापैकी नफा सुटतो, अशी टीपही त्या व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे.

तेर आणि कोंडापूर येथे आणखी एक गंमतीची वस्तू मिळाली आहे. रोमन नाण्याचा छाप मातीवर उठवून, ती माती भाजून केलेली पदके! वर ओवण्यासाठी नाकी किंवा भोक. चांदीचे नाणे गळ्यात घालणे परवडत नसलेल्या कोणीतरी सम्राट टायबेरियसचे मातीचे डोके गळ्यात घातले, आणि ज्याचे डोके आपण मिरवतो तो कोण हे त्याला बहुधा मुळीच माहीत नव्हते. बाजारात अशा पदकाला नाण्याच्या मानाने काय किंमत येणार? पण मराठवाड्यातील सामान्य माणसापर्यंत रोमचा व्यापार कसा झिरपला, हे चांदीच्या दहा नाण्यांपेक्षा मातीचा हा तुकडा अधिक चांगले सांगतो. मात्र एका अटीवर. तो तेरचा आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

आता खुद्द नाण्याकडे वळू. देनारियसचा व्यास दीड ते दोन सेंटिमीटर, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. आपल्या जुन्या शिलालेखांत येणारा 'दीनार' हा शब्द याच नावावरून आला. गुप्तकाळातील दानलेखांत दीनारांचे उल्लेख आहेत. भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत दोन प्रकार वारंवार आढळतात. पहिला सम्राट ऑगस्टसचा. त्याच्या मागील बाजूस त्याने दत्तक घेतलेले दोन नातू, गायस आणि लूसियस, ढालींवर हात टेकून उभे आहेत. मागे भाले, आणि वर पूजाविधीतली दोन साधने, एक पळी व एक वाकडी काठी. दुसरा प्रकार टायबेरियसचा. त्याच्या मागील बाजूस खुर्चीवर बसलेली एक स्त्री आहे, एका हातात राजदंड व दुसऱ्या हातात डहाळी. दोन्ही प्रकार मुख्यतः आजच्या फ्रान्समधील लियाँ शहराच्या टांकसाळीतले.

आता खरी मजा सुरू होते. ऑगस्टसच्या नाण्यावर काही वेळा पळी डावीकडे व काठी उजवीकडे असते, तर काही वेळा नेमके उलट. टायबेरियसच्या नाण्यावर खुर्चीचे पाय कधी साधे, कधी नक्षीदार. खुर्चीखाली कधी एक रेघ, कधी दोन. स्त्रीच्या हाती कधी राजदंड, कधी उलटा धरलेला भाला. याला नाणकशास्त्रात उपप्रकार म्हणतात. लंडनहून १९२३ मध्ये 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या सूचिग्रंथाचा पहिला खंड निघाला, १९८४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात असल्या उपप्रकारांना वेगवेगळे क्रमांक दिले आहेत. संग्राहक भिंग घेऊन बसतो तो या क्रमांकांसाठी. सूचीत नसलेला उपप्रकार हाती लागला की त्याला आभाळ ठेंगणे होते.

असे फरक पडतात तरी का? कारण नाण्याचा ठसा हाताने कोरलेला असे. खालचा ठसा ऐरणीत बसविलेला, वरचा कारागिराच्या हातात. मध्ये चांदीची तापविलेली चकती आणि वरून हातोडा. घावांनी ठसा झिजे, तडके, आणि नवा कोरावा लागे. वरच्या ठशाला घाव थेट बसत, म्हणून तो अगोदर निकामी होई. दुसरा ठसा कोरताना कारागिराचा हात अगदी पहिल्यासारखा कसा चालणार? आई रोज एकाच तव्यावर भाकरी करते, पण दोन भाकऱ्या तंतोतंत सारख्या नसतात, तसेच हे.

मग खुर्चीचे पाय मोजणे हा रिकामटेकडा उद्योग आहे काय? मुळीच नाही, आणि येथे मला संग्राहकांची बाजू घेतली पाहिजे. टायबेरियसने इ. स. १४ ते ३७ राज्य केले आणि जवळजवळ या साऱ्या काळात हे एकच चित्र असलेले नाणे निघत राहिले. त्यावर साल नाही. तेव्हा त्यांतली आधीची नाणी कोणती व नंतरची कोणती, हे ठरविण्यास खुर्चीचे पाय, रेघा, चेहऱ्याची घडण एवढाच आधार उरतो. अशा बारकाव्यांवरून तज्ज्ञांनी या नाण्यांचे गट पाडून त्यांचा क्रम लावला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांच्या थरांचा क्रम त्यांतील शंखशिंपल्यांवरून लावतो, त्याच जातीचे हे काम आहे. हा क्रम एकदा लागला म्हणजे एखाद्या मडक्यातली नाणी कोणत्या गटापाशी संपतात हे पाहून ते मडके केव्हाच्या सुमारास पुरले गेले याचा अंदाज येतो.

पण नीट लक्ष द्या. हा अंदाज मडक्यावरून आला, एका नाण्यावरून नव्हे. मडके फुटून नाणी चार दिशांना गेली की उपप्रकारांचे सारे ज्ञान लंगडे पडते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. जुन्या हैदराबाद संस्थानात असलेल्या, आणि आज तेलंगणात असलेल्या अक्कनपल्ली येथे रोमन देनारियसांचा मोठा साठा सापडला. नाणी १५३१. परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९६५ मध्ये आंध्र प्रदेशातील रोमन नाण्यांवर पुस्तक लिहिले त्यात त्यांची नोंद आली. (हेच गुप्त पुढे नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये सुरू झालेल्या नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संचालक झाले.) या साठ्यात बहुतेक नाणी ऑगस्टस व टायबेरियस यांची, म्हणजे बाजाराच्या भाषेत अगदी सामान्य. शिवाय रोमन नाण्यांच्या नकलाही तीत आहेत. एखाद्या हौशी माणसाने या ढिगातून "चांगली" पन्नास नाणी निवडून बाकीची सोनाराला दिली असती, तर आपल्या हाती काय उरले असते? उदगीरच्या मोंढ्यावर तुरीचे पोते घेताना आडत्या पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढतो. दाणे जसे येतील तसे तो तळहातावर घेतो. शेतकऱ्याने आधीच निवडून ठेवलेले टपोरे दाणे पाहून तो पोत्याचा भाव ठरवील काय? दुर्मिळ नाण्यांचा संग्रह म्हणजे निवडलेले टपोरे दाणे. दिसायला सुरेख, पण पोत्याविषयी काही सांगत नाहीत.

महाराष्ट्रातील जोगळटेंभीचा साठा यापेक्षाही बोलका आहे. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून १९०८ मध्ये निबंध लिहिला. नाण्यांवरचे चेहरे इतके वेगवेगळे, की हा सगळा एकच राजा कसा, असा प्रश्न त्यांना पडला. कडेने ग्रीक अक्षरांत लिहिलेले नाव, मागे बाण आणि वज्र. रोमन नाण्यांवरच्या मुखवट्यांचा परिणामही त्यांना या चेहऱ्यांत दिसला. पण सर्वांत मोठी गोष्ट निराळीच होती. यांतल्या सुमारे ९२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के! जुन्या राजाच्या चेहऱ्यावर नव्या राजाची मोहोर, आणि उरलेली तीस टक्के अद्याप तशीच. एका राज्याने दुसऱ्या राज्याला गिळले तेव्हाचा हा जणू अर्धवट घास आहे. यातील एकेक नाणे बाजारात काही फार दुर्मिळ नाही. सत्तरास तीस हे प्रमाण मात्र जगात एकाच मडक्यात होते, आणि कोणीतरी सगळी नाणी मोजली म्हणूनच ते कळले.

सूचिग्रंथांनी दुर्लक्षिलेल्या दोन गोष्टींबद्दलही थोडे सांगतो. भारतात सापडलेल्या अनेक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने घाव घातलेला असतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई येथे १८९८ मध्ये सोन्याची ५०१ रोमन नाणी मिळाली, त्यांतील बहुतेकांचे चेहरे असे छेदलेले आहेत. ते नाणे चलनातून बाद करण्यासाठी छेदले की आत शुद्ध सोने आहे ना हे पाहण्यासाठी, यावर विद्वानांत एकमत नाही. युरोपातल्या विक्रेत्याच्या दृष्टीने असे नाणे बिघडलेले आणि म्हणून स्वस्त. मी म्हणतो, रोमने त्या नाण्यावर जे करायचे ते करून पाठविले. हा छिन्नीचा घाव तेवढा आपल्या माणसाचा. भारतीय विद्यार्थ्याने नाणे हातात घेताच प्रथम काय पाहावे, तर तो घाव. नकलांचेही तसेच. लॅटिन न येणाऱ्या कारागिराने अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या ओढलेले नाणे आजच्या ठगाने केलेल्या बनावट नाण्याबरोबर एकाच टोपलीत टाकणे हा अडाणीपणा आहे.

प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक देनारियस. गणित करा, सव्वा कोटी देनारियस, म्हणजे चांदीत मांडले तर सुमारे ४७ टन. प्लिनीचा हा आकडा सोळा आणे खरा धरू नका, तो थोडा तक्रारखोर होता. पण निम्मा धरला तरी एवढी नाणी गेली कोठे? आंध्र, तेलंगणा, तमिळनाडू येथे रोमन नाण्यांचे मोठे साठे मिळाले, आपल्या महाराष्ट्रात मात्र फार थोडी नाणी मिळाली. पुष्कळ अभ्यासकांना वाटते की येथे ती वितळवून स्थानिक राजांची नाणी पाडली गेली. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास देनारियसचे वजन व चांदी दोन्ही घटविली, आणि भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस-टायबेरियसची जुनी, सकस नाणीच भरलेली आहेत. म्हणजे आपले सराफ डोळे मिटून बसलेले नव्हते.

यातून निघणारी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. टायबेरियसचा देनारियस जगाच्या बाजारात पैशाला पासरी आहे. पण उदगीर, अहमदपूर, मुखेड या तालुक्यांतील एखाद्या शिवारात तो खात्रीने सापडला, मडक्यासकट सापडला, तर ती अमोल गोष्ट होईल. त्याच्या खुर्चीचे पाय साधे असोत की नक्षीचे. आणि तेच नाणे दुकानदाराच्या ट्रेमध्ये पोहोचले की पुन्हा पैशाला पासरी.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांचे मोठेपण मला यातच दिसते. ते विद्यापीठातले पंडित नव्हते. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांवर, पाऊस पडून गेला की मणी, खेळणी, नाणी उघडी पडतात. आपल्याकडे ही माती खत म्हणून शेतात टाकण्याचीही चाल होती. अशा वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यांनी जगभरच्या सुंदर वस्तू जमविल्या असत्या तर तो संग्रह श्रीमंताचा दिवाणखाना झाला असता. त्यांनी आपला एक गाव जमविला. शाळेची सहल न्यावयाची असेल तर, गुरुजनहो, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) लेण्यांबरोबर या गावाचाही विचार करा. उदगीरहून ते एका दिवसात होण्यासारखे आहे.

आता थोडे कडू बोलतो. विहीर खणताना, घराचा पाया काढताना आपल्या भागात नाण्यांची मडकी निघतात. मग काय होते? गावात कुजबुज, वाटणी, आणि रातोरात सोनाराची मूस. याबद्दल केवळ शेतकऱ्याला नावे ठेवणे मला मान्य नाही. १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविला तर हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. हे योग्यच. पण शासनाने तो निधी स्वतःकडे घेतला तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. पावणेचार ग्रॅम चांदीचे जे होईल ते! म्हणजे कायद्याचा तराजू आणि सोनाराचा तराजू एकच, आणि सोनार प्रश्न न विचारता रोख देतो. शेतकरी कोणाकडे जाईल हे सांगावयास अर्थशास्त्री नको. इंग्लंडने १९९६ मध्ये नवा कायदा करून सापडणाऱ्याला व जमीनमालकाला बाजारभावाने बक्षीस देण्याची सोय ठेवली, आणि १९९७ पासून शासन ज्या वस्तू घेत नाही त्यांचीही नोंद करणारी यंत्रणा उभारली. आपल्याकडेही धातूच्या वजनाची ही मोजपट्टी बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती बदलेपर्यंत तालुक्यातील एखाद्या विज्ञानशिक्षकाने वा इतिहासशिक्षकाने नोंद ठेवण्याचे काम अंगावर घ्यावयास काहीच हरकत नसावी.

काही जण म्हणतील, मुलांनी जुन्या नाण्यांच्या वाटेला जाऊच नये. प्राचीन नाणी विकत घेऊ नयेत हे मलाही मान्य आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि तुम्ही विकत घेतलेले प्रत्येक नाणे दुसरे मडके फोडावयास उत्तेजन देते. पण नाणे पाहणे, तोलणे, त्याचे वर्णन लिहिणे याला कोण अडवतो? एखाद्या घरात असे नाणे दिसले तर ते चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळीने घासू देऊ नका. देवघरातली भांडी आणि नाणे यांत फरक आहे. तांब्यावरचा हिरवा थर आणि चांदीवरचा काळा थर यांच्याखालीच अक्षरांच्या कडा टिकून असतात. कधी कधी त्या थरात ज्या पिशवीत नाणी बांधली होती तिच्या धाग्यांची वीणही उमटलेली असते. वजन करा, व्यास मोजा, दोन्ही बाजूंचे चित्र काढा, आणि गाव, शेताचा गट क्रमांक, किती खोल, बरोबर काय होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी गोष्ट बदलते.

वर्गीकरणाचा सराव करण्यासाठी रोमला जावे लागत नाही. हाली सिक्का घ्या. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे जुन्या घरांत तो अजून निघतो. 'हाली' म्हणजे चालू. त्यावरच्या चारमिनारच्या कमानीत बघा: महबूब अली खानांच्या नाण्यांवर त्यांच्या नावाचे आद्याक्षर 'मीम' आहे, उस्मान अली खानांच्या नाण्यांवर 'ऐन', आणि उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अपुरे आहे, पुढे ते पूर्ण झाले. ही झाली आपली 'खुर्चीच्या पायां'ची गोष्ट. फरक इतकाच की हाली सिक्क्यावर हिजरी सन दिलेले असते. म्हणून एक प्रयोग करा. चारपाच घरांतून असे सिक्के पाहावयास मागून घ्या, सनावर कागदाचा तुकडा ठेवा, आणि केवळ अक्षर व कोरीव काम पाहून त्यांचा क्रम लावा. मग कागद काढा. तुमचा क्रम किती बरोबर आला, किती चुकला? टायबेरियसच्या नाण्यांचा क्रम लावणाऱ्याला असा कागद काढून पाहण्याची सोय नसते, हे त्या वेळी ध्यानात घ्या.

जाता जाता तराजूही वापरा. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात हजार भागांत ८१८ भाग चांदी. ब्रिटिश कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१७ भाग. म्हणजे हालीत ९.१४ ग्रॅम चांदी आणि कलदारात १०.६९. एकाला दुसऱ्याने भागा. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा जो दर तुमच्या पणजोबांना पाठ असे, तो या भागाकाराच्या किती जवळ येतो ते पाहा.

ज्यांच्या घरी हालीही नाही त्यांनी किराणा दुकानातली आजची नाणी घ्यावीत. सालाखाली बारकाईने पाहा. तारा असेल तर नाणे हैदराबादच्या टांकसाळीचे, चौकट असेल तर मुंबईचे, बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. न निवडता, दुकानदार देईल तशी शंभर नाणी घ्या, मोजा, तक्ता करा आणि परत द्या. उदगीर हैदराबादला जवळ, तेव्हा येथे ताऱ्याची नाणी जास्त निघावीत, असा माझा अंदाज आहे. तो खोटाही ठरेल. कोकणात वा विदर्भात तुमचा मामेभाऊ असेल तर त्यालाही शंभर नाणी मोजून पत्र पाठवावयास सांगा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर नाणी कशी प्रवास करतात ते दिसू लागेल, आणि मामेभावाच्या तक्त्यावर गावाचे नाव लिहिलेले नसेल तर तो तक्ता कशाच्याही उपयोगाचा नाही.